दोघी बहिणी आणि एक म्हातारं मशीन

गावच्या घरामागचा मोठा फणस वादळात आडवा झाला आणि विहिरीकडे जायची वाटच बंद झाली. शेजाऱ्यांनी मोबाइलवर फोटो पाठवला. खोड इतकं जाड, की फोटोत पलीकडची विहीर दिसतच नव्हती. शिवाय दोन आंबे पडले होते आणि एक काजू. आई गेल्यापासून ती बाग आम्हा दोघी बहिणींची. मी अंधेरीत राहते, ताई बोरिवलीत, आणि बाग मालवणजवळ.

लाकूड कापणारी माणसं मिळणं कठीण होतं. सगळ्या पंचक्रोशीत झाडं पडलेली आणि कटरवाले मोजून तीन. एक म्हणाला गणपतीनंतर येतो, दुसरा म्हणाला बघतो, तिसऱ्याने फोन उचलणंच बंद केलं. त्या तिसऱ्याला सातव्यांदा फोन लावून ताई वैतागली आणि म्हणाली, "आपणच घेऊ या ना कटर. चेनसॉ म्हणतात त्याला. मी बघितलंय."

ताई तेव्हा एकसष्ट वर्षांची, मी छप्पन्नची. ताईने सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली. मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मुलांना उपकरणं मांडून द्यायची. सांगायचा मुद्दा, आमच्यापैकी कोणीही कधी सुकी फांदीसुद्धा कापली नव्हती.

"ताई, हात तुटतात त्याने," मी म्हटलं.

"मला सांगतेस? हाडं कापायची करवत डॉक्टरांच्या हातात मी दिलीय पंचवीस वर्षं. हे तर लाकूड."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी नवीन मशीनं बघितली. स्वस्तातली होती ती खेळण्यातली वाटत होती, खाली येणाऱ्या प्रतिक्रिया वाचल्या तर महिनाभरात बंद पडली म्हणून रडगाणं. चांगली होती ती आमच्या आवाक्याबाहेर. मग जुन्या वस्तू विकायच्या एका अॅपवर ताईला ते सापडलं: झाडं तोडायचा ठेका घेणाऱ्या माणसाचं, परदेशी बनावटीचं, वीस वर्षं वापरलेलं मशीन. पत्ता जोगेश्वरीचा, एका लाकडाच्या वखारीचा.

मी चार दिवस व्हिडिओ बघितले आणि वहीत यादी केली. जुनं मशीन घेताना काय काय तपासायचं याची. पहिलंच कलम होतं, इंजिन थंड असताना सुरू करून बघणे. गरम इंजिन कुठलंही सुरू होतं, खरी परीक्षा थंडपणीच. म्हणून मी फोनवर त्या गृहस्थांना बजावलं, "काका, आम्ही येईपर्यंत चालू करू नका हं."

"नाय करत," ते म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही वखारीत पोचलो. काका सत्तरीचे, बारीक, पांढरा शर्ट, डोळ्यांवर जाड चष्मा. मशीन एका ओंडक्यावर पुसूनबिसून मांडलेलं. नारिंगी रंग जागोजागी उडून खालचा पत्रा दिसत होता. मी नमस्कार केला आणि सरळ इंजिनावर तळहात ठेवला. कोमट.

"काका, हे गरम आहे."

ताईने माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. काका जरासे वरमले.

"म्हातारं आहे ना बाई. तुम्ही येणार म्हणून उठवून बसवलं."

ताईला इतकं हसू आलं की ती ओंडक्यावरच बसली. मी मात्र हसले नाही. मी म्हटलं, थंड होईपर्यंत आम्ही थांबतो. काकांनी चहा मागवला. चहा झाला, दुसरा झाला, तोपर्यंत त्यांनी मशीनचा सगळा इतिहास सांगितला, न विचारता. पिस्टन एकदा बदललाय. कार्ब्युरेटर दोनदा. मागची मूठ पडून फुटली होती ती दुसऱ्या मशीनची लावलीय. "लपवून काय करू? तुम्ही उघडून बघणारच," असं म्हणत त्यांनी सायलेन्सरचे स्क्रू काढले आणि आतला पिस्टन मला टॉर्चच्या उजेडात दाखवला. उभे ओरखडे नव्हते. यादीतल्या त्या ओळीवर मी टिकमार्क केला.

पाऊण तासाने त्यांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, चारदा. पाचव्या ओढीला मशीन खोकलं आणि बंद पडलं. सातव्याला असं गरजलं की वखारीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"सात," मी वहीत लिहिलं.

"सात म्हणजे लय नाय," काका म्हणाले, पण त्यांचाच आवाज जरा पडला होता. "चोक नीट बसत नाय. तेवढं करून देतो."

मग मी पर्समधून कोरा कागद काढला आणि ओंडक्यावर ठेवला. साखळी जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीचं टोक, साखळी चालू असताना, कागदाच्या जवळ धरलं तर कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे, नाहीतर तेलाचा पंप गेला असं समजायचं. रेघ उमटली. बारीक, सरळ. काकांनी मशीन बंद केलं आणि चष्मा वर करून मला न्याहाळलं.

"हे कुठे शिकलात?"

"व्हिडिओ बघून."

"तीस वर्षं झाडं तोडली, कागद कोणी नाय आणला."

मग त्यांनी डाव उलटवला. म्हणाले, आता मी तुम्हाला तपासतो. हे मशीन भाजी कापायचं नाही, उद्या काही झालं तर मला झोप लागायची नाही. त्यांनी जमिनीवर काठीने एक आडवी रेघ ओढली. "हे झाड. जमीन उताराची आहे. तुम्ही कापायला उभ्या कुठे राहाल?"

ताईने उताराच्या खालच्या बाजूला पाय ठेवला. "इथे. इथून वाकावं लागत नाही."

"मेलात," काका म्हणाले. "ओंडका सुटला की तुमच्या अंगावर."

ताईचा चेहरा पडला. तिला कोणी चूक दाखवलेली मी फार वेळा बघितलेली नाही. पुढच्या प्रश्नांची उत्तरं तिने दिलीच नाहीत, मी दिली, आणि त्यातलीही दोन चुकली. शेवटी काकांनी मशीन माझ्या हातात ठेवलं. सात-आठ किलो असेल, पण वजन सगळं पुढे ओढणारं. माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला होता तो लगेच कुरकुरला.

"हे तुमचं काम नाय बाई," काका सरळ म्हणाले. "नवीन घ्या, हलकं."

आम्ही बाहेर पडलो. समोरच्या हॉटेलात मिसळ मागवली. मला सुटल्यासारखं वाटत होतं. माणसानेच नाही म्हटलं, विषय संपला. ताई पाव नुसताच कुस्करत होती.

"तुला परत जायचंय ना?" मी विचारलं.

"तो म्हणाला तुमचं काम नाही. इंजिन खराब आहे असं म्हणाला का?"

"नाही."

"मग? आपल्याला जमत नाही हा आपला दोष. मशीनला का नको म्हणायचं?"

"ताई, माझा खांदा."

"उभं राहून कुठे कापायचंय तुला? झाड आडवंच आहे. मशीन खोडावर टेकव, आपल्या वजनाने ते खाली जातं. मी बघत होते तो कसं धरतो ते."

हे खरं होतं. काका दाखवताना मशीन उचलून धरत नव्हते, टेकवत होते. माझ्या यादीत वजनाबद्दल एक ओळ होती, पण ती उचलण्याबद्दल होती. मी मिसळ संपवेपर्यंत विचार केला. नवीन हलकं मशीन त्या फणसावर पंधरा मिनिटांत धापा टाकेल हे मला व्हिडिओंमधून कळलंच होतं. आणि मनातलं सांगायचं तर त्या सातव्या ओढीचा आवाज मला आवडला होता.

आम्ही परत गेलो. काका अजून तिथेच होते. मशीनवर फडकं मारत. आता बरोबर त्यांची बायको होती, डबा घेऊन आलेली. ताईने आत शिरता शिरताच सांगितलं, "काका, शिकवाल तर घेतो. नाहीतर नको."

काका काही बोलायच्या आत त्यांची बायकोच म्हणाली, "द्या हो देऊन. गॅलरीत ठेवलंय चार वर्षं, माझ्या पापडांना पेट्रोलचा वास येतो."

तेव्हा मी विचारलं की चार वर्षं का पडून आहे. काकांनी हात पुढे केले. मशीनच्या थरथरीने त्यांची बोटं बधिर होतात, शर्टाची बटणंसुद्धा बायको लावते. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. ताईने त्यांची बोटं हातात घेऊन नखं दाबून बघितली, थंडीत पांढरी पडतात का विचारलं, आणि एका डॉक्टरांचं नाव कागदावर लिहून दिलं. मला वाटतं सौदा खरा तिथे झाला. किमतीवर ताईने घासाघीस केलीच नाही, जे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

पुढचे तीन रविवार आम्ही जोगेश्वरीला गेलो. हेल्मेट, जाळीचा मुखवटा, जाड बूट, हातमोजे हे सगळं काकांनी घ्यायला लावलं. पहिल्या रविवारी मी एक बाभळीचा ओंडका कापला, वाकडा. तिसऱ्या रविवारी दहा काप सरळ आले. ताईला दोरी ओढून मशीन सुरू करणं जमेना, पण साखळीला धार लावणं तिला पहिल्याच दिवशी जमलं. कानस कशी एकाच दिशेने, एकाच कोनात फिरवायची, प्रत्येक दाताला मोजून तीनदा. काका म्हणाले, "बाईंचा हात डॉक्टरचा आहे." ताई म्हणाली, "डॉक्टरचा नाही हो, नर्सचा."

मशीन घेऊन ताईच्या सोसायटीत शिरलो तर सेक्रेटरींनी गेटवरच अडवलं. त्यांना वाटलं आम्ही कंपाउंडमधला गुलमोहर पाडणार. "परवानगी लागते मॅडम!" ते लिफ्टपर्यंत आमच्या मागे आले. ताई म्हणाली, "तुमच्या गुलमोहरासाठी एवढं मोठं मशीन कशाला, ब्रेडची सुरी पुरे." गृहस्थ दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

मग टाकीतलं पेट्रोल काढून टाकून, मशीन ताईच्या गाडीच्या डिकीत घालून आम्ही गावी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फणसासमोर उभी राहिले, उताराच्या वरच्या बाजूला. नवव्या ओढीला मशीन सुरू झालं. पहिला काप छान गेला. फणसाचं लाकूड आतून पिवळंधमक निघालं आणि भुसा माझ्या बुटांवर हळदीसारखा पडला. ताई लांबून ओरडत होती, "झकास! झकास!"

दुसऱ्या कापाला अर्ध्यात पट्टी अडकली. खोड आपल्याच वजनाने बसलं आणि फट मिटली. मशीन ओढलं, हलेना. मी बंद केलं आणि आम्ही दोघी मटकन खाली बसलो.

"वाट लागली," ताई म्हणाली.

काकांना फोन लावला. ते जेवत होते. त्यांनी विचारलं, खोडाखाली दोन्हीकडे टेकू आहे का. आहे. मधे पोकळ आहे का. आहे. "मग वरून कापत का गेलात? वरची बाजू दाबली जाते. पाचर ठोका वरून, फट उघडली की मशीन काढा, मग खालून कापा." आम्ही चुलीच्या लाकडातून एक पाचर तासली. ताईने दगडाने ती ठोकली, सहा-सात घावांत फट कणभर उघडली आणि मशीन सुटलं. फोन चालूच होता. पलीकडून काकांच्या बायकोचा आवाज आला, "निघालं काय गं?" आम्ही दोघी एकदम ओरडलो, "निघालं!"

फणसाला साडेतीन दिवस लागले. चौथ्या दिवशी दुपारी विहिरीची वाट मोकळी झाली. ताईने तिथूनच पाणी काढलं, थेट कळशीने डोक्यावर ओतून घेतलं आणि मलाही भिजवलं. खांदा दुखत होता, पण वाटलं होतं तितका नाही. दोन आंबे आणि काजू त्या आठवड्यातच उरकले.

निघायच्या आदल्या दिवशी वाडीतली एक म्हातारी काठी टेकत आमच्या खळ्यात, पुढच्या अंगणात, आली. तिने भिंतीला टेकवलेल्या मशीनकडे बराच वेळ बघितलं आणि मग आमच्याकडे.

"गो बायांनो," ती म्हणाली, "माझ्या मागल्या दारी आंबो आडवो पडलो हा. दार उघडूक येना. तेका बगशात काय?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी हातमोजे शोधायला आत गेले.