दोन्ही बोटांची शाई

परदेशातून आपली निवडणूक बघायला आलेल्या खासदारबाईंच्या हातात मी मतदान केंद्राच्या दारातच शाडूचा गणपती ठेवायला गेलो. पेणच्या माणसाला भेट म्हणून दुसरं काही सुचतच नाही. बाईंनी दोन्ही हात मागे घेतले आणि हसून म्हणाल्या, "पाहायला आलेल्या माणसाने काही घ्यायचं नसतं." मूर्ती माझ्याच हातात राहिली. रांगेतून कोणीतरी बोललंच, "गुरुजी, आता विसर्जनच करा."

मी पेणच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून तहसील कचेरीने मला त्या दिवसापुरतं दुभाष्या म्हणून नेमलं होतं. निरनिराळ्या देशांच्या खासदारांची एक परिषद असते, बाई तिच्याकडून आलेल्या. तिचे लोक देशोदेशी फिरून बघतात, मतदान मोकळेपणाने होतंय ना, कुणाला दमदाटी नाही ना, तुरुंगातल्या माणसांचे हाल होत नाहीत ना, आणि मग अहवाल लिहितात. मी मात्र जन्मभर शाळातपासणीच बघितलेली. साहेब येणार म्हटलं की रांगोळी काढायची आणि पोरांकडून उत्तरं घोकून घ्यायची. त्या सवयीने मी रांगेतल्या बायकांनाही सांगून ठेवलं होतं, काही विचारलं तर 'सगळं छान आहे' म्हणा. बाईंनी तिघींना विचारलं. तिघी एका सुरात बोलल्या. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "आता जिथे आपली कोणी वाट बघत नाहीये, अशा ठिकाणी जाऊ या."

घाबरलेल्या माणसाच्या तोंडून घरचाच पत्ता बाहेर पडतो. मी म्हणालो, "रोह्याला. नदीपलीकडे, अष्टमी गावात."

पूल ओलांडला की आमचं घर. तिथे बाबा आणि माझी बायको राहायची, मी आठवडाभर पेणला. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून त्यांचं सगळं आम्हीच ठरवायचो. खाट कुठल्या खिडकीशी, भात किती मऊ, दाढी कधी करायची. ते नुसते बघत राहायचे. मतदान जवळ आलं तसे मात्र डाव्या हाताने खाटेची कड वाजवायला लागले. मी म्हटलं, "बाबा, तुमचं एक मत नाय पडलं तर सरकार अडणार हाय का?" त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दिवसभर फिरवून ठेवलं.

शेवटी मीच नमतं घेतलं. असं अधू माणूस असलं तर आत सोबती नेता येतो. आत काय बघितलं ते बाहेर बोलणार नाही, असं सोबत्याने लिहून द्यायचं असतं, आणि त्याच्याही उजव्या बोटाला शाई लावतात. मी म्हणालो, "मी येतो तुमच्यासोबत, अर्ध्या दिवसाची सवड काढून." बाबांनी मान हलवली. नाही. डावं बोट हळूहळू उचललं आणि सुनेकडे दाखवलं.

"बरोबरच हाय त्यांचं," बायको म्हणाली. "तुमच्या तोंडात तीळ तरी भिजतो का?"

मी हसलो, पण लागलं. कोणाला मत दिलं ते बाबांनी कधीच सांगितलं नव्हतं. आईने तर विचारून विचारून नाद सोडला होता. मला वाटत होतं, निदान या खेपेला मुलाला कळेल.

आम्ही अष्टमीच्या केंद्रावर उतरलो तेव्हा शेजारचे दोघे बाबांना खुर्चीत बसवून आणत होते. धुतलेलं पांढरं धोतर, वर टोपी. मागून माझी बायको. मी मोठ्या अभिमानाने बाईंना म्हणालो, "हे माझे वडील."

"मग तुम्ही बाहेरच थांबा," त्या म्हणाल्या. केंद्रावर एक तरुण मुलगी कामाला होती, इंग्रजी बोलणारी. बाई तिला घेऊन सगळ्यांबरोबर आत गेल्या. मी गणपती कडेवर घेऊन उन्हात उभा राहिलो.

वेळ लागत होता. रांगेतल्या एका म्हातारीचा धीर सुटला. "काय गो, आत जेवायला बसली काय सगळी?" कोणी हसलं, कोणी तिला गप्प केलं. मग मतदान यंत्राचा लांब आवाज आला आणि संपला.

बाहेर आल्यावर बाईंनी त्या मुलीमार्फत माझ्या बायकोला काहीतरी विचारलं. ती थोडंसं बोलली. मग बाई बाबांपुढे वाकल्या, दोन्ही हात जोडले. बाबांनी डावं बोट वर केलं. शाई अजून ओली होती. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. शेवटची आंघोळ घालताना त्यांचा डावा हात माझ्या वाट्याला आला. बोटावरची शाई मी उगीचच चोळत बसलो. एक काका म्हणाले, "राहू दे रे, ती जात नाय." शाईसकट त्यांना कुंडलिका नदीच्या काठी नेलं.

मतमोजणी झाली तेव्हा घरात सुतक होतं. टीव्ही बंद. पुलापलीकडे फटाके वाजत होते, म्हणजे कोणीतरी जिंकलं होतं. बाईंचा अहवालही पुढे निघाला असेल, माझ्या काही वाचनात आला नाही. कोनाड्यात तो न घेतलेला गणपती होता. बायको मला वाढत होती. तिच्या दोन्ही हातांची बोटं काळी, डावं स्वतःच्या मताचं, उजवं बाबांच्या. मला राहवेना.

"आता तरी सांग. ते गेले. आता कोणाची गुप्तता? कोणाला दिलं त्यांनी?"

तिने आमटीचं भांडं खाली ठेवलं.

"तुमच्या त्या बाईंनी हे नाय विचारलं. त्यांनी विचारलं, बटण कोणी दाबलं. मी सांगितलं, बाबांनीच. मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. बोट बटणापर्यंत नीट पोचेना. मग मी नुसतं त्यांचं कोपर धरलं आणि तोंड भिंतीकडे केलं." भांडं पुन्हा उचलत ती म्हणाली, "मी बघितलंच नाय, अहो. तुम्ही असतात तर बघितलं असतंत."