ताटाच्या बुडावरची वेल

२०२३ साल होतं अन् मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. त्या साली मी एक खोटं बोललो. आजवर ते कोणापाशी काढलं नाही — भावापाशी नाही, देवापाशीबी नाही. तुम्ही माह्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाले सांगता येते.

जळगाव जामोदच्या बाजारात मी भांड्यावर नावं घालायचो. मशीनची सुई घर्रघर्र चालते अन् स्टीलवर ठिपक्याठिपक्यानं अक्षर उठते. शाळा तिसरीपर्यंत, पण लग्नसराईत लोक दुकानदाराले सांगत, नाव याच्याच हातचं पाह्यजे. इंग्रजी असलं तर चिठ्ठीवर पाहून चित्रासारखं काढायचो. जुन्या भांड्यावर दुसऱ्याचं नाव असलं तर ते काही पुसल्या जात नाही — त्यावर वेल काढायची, पानाखाली अक्षर बुडून जाते. एवढी माही कला. इंग्रजी वाचता येत नाही हे कोणाले कळू देलं नाही. काऊन कळू द्यायचं?

विलास माहा एकुलता एक, पुण्यात कंप्युटरच्या नोकरीवर. त्याची माय गेली त्या साली तो दिवाळीले एकटाच आला. खिशात पेनड्राइव्हएवढी एक डबी. हार्डवेअर वॉलेट म्हणे. पोरीच्या शिक्षणासाठी तो पगारातून बिटकॉइन घेत होता. मले समजावलं — पैसा डबीत नसते बाबा, पैशाची चावी असते. डबी बिघडली तर नवी आणायची, त्यात चोवीस इंग्रजी शब्द ओळीनं भरायचे, सारं परत मिळते. पण शब्द गेले तर कोणती बँक नाही, कोणता साहेब नाही. शब्दाचा फोटो काढायचा नाही, मोबाईलात ठेवायचे नाही. अन् कागदाले तर उंदीरबी लागते.

"मंग स्टीलवर घाल ना बे," मी म्हटलं. "घरचाच कारागीर आहे. मजुरी नाही घेत तुह्याकडून."

बायकोचं जेवायचं ताट पालथं केलं. डबीच्या काचेवर एकेक शब्द येई, विलास तो कागदावर मोठा लिही, मी ताटाच्या बुडावर उतरवी. दुपार त्यातच गेली. त्यानं ताटावरचे शब्द डबीशी पुन्हा ताडून पाह्यले, कागद गॅसवर जाळला अन् ताट माह्या हाती देलं. "बाबा, हे तुमच्यापाशीच राहू द्या." सारी दुनिया सोडून पोरानं चावी बापाले देली — छाती फुगणार नाही?

संध्याकाळी तो ओसरीवर फोनवर होता, मीनासंग. मीना माही सून. हसून म्हणाला, "अगं, बाबांकडेच सगळ्यात सेफ. त्यांना कुठं एबीसीडी येते."

एवढंच. खोटं काय बोलला? काहीच नाही. पण मी आत ताट घेऊन उभा होतो. म्हणजे पोराले सारं ठाऊक होतं — कधीचं, कोण जाणे — अन् कुलूप निवडावं तसं त्यानं मले निवडलं होतं. ताट ज्वारीच्या कोठीत तळाशी घातलं अन् त्याच्यासंग ते बोलणंबी घातलं.

मंग २०२३ मध्ये ती डबी पँटीच्या खिशात राह्यली अन् मीनानं पँट मशीनमध्ये धुतली. नवी डबी घेऊन दोघं आले. किती महिन्यांनी आले, मधात माहे दात पडले होते. विलास बसलाबी नाही. दारातच म्हणे, "बाबा, ते ताट द्या."

कसे आहात नाही. दातांचं काय झालं नाही. ताट द्या.

मी म्हटलं, "ते ताट? मायच्या वर्षश्राद्धाले मीनानं शेजारी वाढून धाडलं ना. परत आलंच नाही."

तोंडातून निघून गेलं असं म्हणणार नाही — मी काढलं. त्या श्राद्धाले तिनं ताटं धाडली होती हे मले माहीत होतं. तिले नक्की आठवणार नाही हेबी माहीत होतं.

विलासनं तिच्याकडे पाह्यलं. "आधी पँट, आता ताट. तुला काही सांभाळता येतं का?"

ती एवढंच म्हणाली, "असेल. माझ्याच हातून गेलं असेल."

मंग ती गल्लीत घरोघर फिरली. लोकांच्या मांडणीवरची ताटं मागून घेऊन पालथी करून पाह्यली. मी ओसरीवर बसून पाहत होतो. कोठी माह्या पाठीमागं, चार पावलांवर. रात्री तिनंच माह्या दातांकडं पाहून भाकर दुधात कुस्करून देली. मी खाल्ली.

आता विलासचा फोन येते, मिनिटभर. मागं मीनाचा आवाज ऐकू येत असे, आता येत नाही. ते दोघं एकमेकांशी कसे राहतात, मले ठाऊक नाही. घरात एक ताट, एक गिलास, अन् मी.

तेव्हा सांगायचं राह्यलं ते हे. रात्र होती माह्यापाशी, सारी. अन् सकाळीबी वेळ होता. दोघं उजाडताच निघाले. गाडी गावाबाहेर पडली नसेल, फोन माह्या खिशात होता. मी कोठीत कोपरापर्यंत हात घातला, ताट काढलं, ज्वारी झटकली. मशीन लावली. पहिल्या शब्दापासून वेल धरली, गच्च, एकही अक्षर दिसू नये अशी. चोविसाव्या शब्दावर पान काढलं, कीस फुंकला, ताट घासलं अन् मांडणीवर उभं करून ठेवलं.