बर्ड ऑफ पॅरडाइज आणि हमीदाची बकरी

सांगू की नको, असा आठवडाभर विचार केला. जुनी मॅट्रिक झालेली, इतरांच्या चुका दाखवण्यात हयात गेलेली बाई मी! पण आता चहा पुढे आलाच आहे, तर ऐका माझी फजिती.

पाच वर्षांपूर्वी शेजारच्या हमीदाने मला बर्ड ऑफ पॅरडाइजचे रोप दिले. नारिंगी तुऱ्याच्या पक्ष्याने मान उंचावून बसावे, असे त्याचे फूल. पाने मात्र थेट केळीची! आणि केळीबद्दल मला कोणी शिकवावे? अलिबागजवळच्या आमच्या वाडीत सासऱ्यांचा दंडकच होता: मूळ झाडापाशी फुटणारे कोंब, म्हणजे पिले, ठेवायची नाहीत, ती घडाचे पोषण पळवतात.

तेव्हा दरवर्षी बुंधा खणून मी एकूण एक पिलू काढले आणि कुंपणावरून हमीदाच्या बकरीसाठी दिले. काही वाया का जाऊ द्यावे?

पाच वर्षे उलटली, फुलाचा पत्ता नाही! इकडे महिला मंडळाच्या पुष्पप्रदर्शनात ‘पक्षी मी आणीन’ असे छातीठोकपणे सांगून बसले होते. प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी माझा संयम सुटला.

“हमीदा, तू मला खोटे रोप दिलेस!”

“या अल्ला! काकी, असं कसं व्हईल? जरा हिकडं या तं.”

तिच्या न्हाणीमागे तेलाचा गंजका डबा होता. त्यात दाटीवाटीने वाढलेली रोपे, आणि त्यांवर चार पक्षी! माना ताठ करून माझ्याकडेच पाहत होते, हो!

“ही कुठून आणलीस?”

“तुम्हीच तं दिलीत! बकरीनं वास घेतला नि तोंड फिरवलं. मग मी डब्यात खोचली. याला गर्दीच लागते काकी, मुळं हलवलेली चालत न्हाय. नि तुम्ही तं दरसाल खणत व्हता!”

“मग मला सांगायचे नाही?”

“तुम्हाला कोन सांगनार ओ, काकी?”

मी डब्यातली पिले मोजू लागले. तिने मात्र हसत हसत चारही फुले कापून माझ्या हाती दिली. “घ्या, तुमचीच पोरं हायत.”

प्रदर्शनात मी स्वच्छ अक्षरात पाटी लावली: ‘लागवड: हमीदा’. तेवढा प्रामाणिकपणा अंगी आहे.

राहता राहिली बकरी. तिचेही ऋण मानावे, म्हणून परवा वाडीतले खरेखुरे केळीचे पान घेऊन गेले. तिने ते बराच वेळ हुंगले, मग मान वळवून हमीदाकडे पाहिले. हमीदा म्हणाली, “खा गं, या वेळी केळच हाय.” तेव्हा कुठे तिने तोंड लावले!