माठाचं फर्मान

परभणीच्या वसतिगृहात आमच्या खोलीत सात खाटा होत्या आणि सातजणांचं मिळून एक राज्य होतं. त्याला आम्ही 'रियासत' म्हणायचो. हा खेळ मुळात कुणी काढला ते मला ठाऊक नाही. मी आलो तेव्हा तो चालूच होता, आणि आधीच्या मुलांनी जाताना ढेकणांच्या खाटांबरोबर तोही आमच्या हवाली केला. निजामाला जाऊन तीसेक वर्षं उलटली होती, पण घरोघरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून त्याचे शब्द गेले नव्हते, म्हणून खेळातले हुद्देही त्याच थाटाचे होते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारची जेवणं झाली की, सात चिठ्ठ्या टोपीत टाकायच्या. नवाब, वजीर, काझी, कोतवाल, हकीम, शायर आणि भिस्ती. ज्याला जे येईल ते त्याने महिनाभर निभवायचं, आणि निभवायचं म्हणजे खरोखर. नवाबाला खिडकीखालची खाट मिळे. काझी भांडणं मिटवी, कोतवाल सगळ्यांना सकाळी उठवी, हकीम आजाऱ्याला गोळ्या आणून देई, शायर जेवताना नवाबाची तारीफ दोन ओळींत बांधी. वजिराला काहीच काम नसे, म्हणून ती चिठ्ठी सगळ्यांना हवी असायची. भिस्त्याने मागच्या हापशावरून घागरीने पाणी आणून माठ भरायचा आणि प्रत्येकाच्या पेल्यात ओतायचं. त्याच्याशिवाय माठाला कुणी हात लावायचा नाही.

नवाबाला महिन्यातून एक नवा नियम काढता येई. ते फर्मान. माझं अक्षर बरं, म्हणून फर्मानं वहीत उतरवायचं काम कायम माझ्याकडे. वर्षअखेरीला, परीक्षेच्या आधी, एक दुपार छाननीची असे. वर्षभरात निघालेलं एकेक फर्मान वाचायचं, पुढच्या साली ठेवायचं की काढायचं यावर भांडायचं आणि हात वर करून निकाल लावायचा. परीक्षेचा अभ्यास आम्ही एवढ्या पोटतिडकीने कधी केला नाही.

ज्या वर्षाबद्दल सांगतोय त्या वर्षी सातव्या खाटेवर पाथरीकडच्या एका खेड्यातला मुलगा आला. तो पहिल्या वर्षाला, आम्ही सगळे दुसऱ्याला, म्हणून तो आम्हाला 'तुमी' म्हणायचा आणि 'तू म्हण की' असं आमच्यातलं कुणी त्याला म्हणालं नाही. तो बौद्ध होता. त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. रेक्टरच्या खोलीबाहेर सवलतवाल्यांची यादी लागली, ती आम्ही वाचली. वाचायला सहाच्या सहाजण गेलो होतो, चप्पल घालून, काही काम नसताना.

त्या काळात विद्यापीठाच्या नामांतरावरून गावातल्या भिंती रंगलेल्या असत. अर्ध्या भिंती एका बाजूच्या, अर्ध्या दुसऱ्या. आमच्या खोलीत तो विषय काढायचा नाही, असं आम्ही एकमुखाने ठरवलं होतं आणि या शहाणपणाचा आम्हाला फार अभिमान होता. आम्ही शिकलेले होतो. मारामारी करणारे वेगळे, असं आम्ही समजत होतो.

जुलैत त्याला शायराची चिठ्ठी आली. इतका भारी शायर रियासतीला मिळाला नव्हता. वरणातल्या पाण्यावर, कोतवालाच्या घोरण्यावर तो अशा ओळी जोडायचा की आमच्या तोंडातला घास बाहेर यायचा. आम्ही त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्याला खेळ मनापासून आवडला होता, हे त्याच्या तोंडावर दिसायचं, आणि ते मला आज सगळ्यात जास्त टोचतं.

ऑगस्टात त्याला भिस्ती आला.

चिठ्ठी उघडून तो हसला आणि घागर घ्यायला उठला. तेवढ्यात त्या महिन्याचा नवाब बोलला. हा राणीसावरगावचा, घरची जमीन भरपूर, बोलणं गोड. "थांब जरा," तो म्हणाला, "मला फर्मान काढायचंय." आणि त्याने काढलं. पावसाळ्यात पाण्यातून रोग होतात, सबब माठ यापुढे हकिमाच्या ताब्यात राहील, भिस्त्याने अंघोळीच्या बादल्या भराव्यात. मी लिहून घेतलं. 'सबब' हा शब्द मीच सुचवला होता. पाथरीकडचा म्हणाला, "बरं," आणि बादल्या उचलल्या. महिनाभर त्याने आमच्या अंघोळीचं पाणी भरलं. त्या पाण्याने आमचं काही बिघडत नव्हतं.

ऑक्टोबरात त्याला हकीम आला. दुसरं फर्मान निघालं: माठ नवाब नेमील त्याच्याकडे. नवाबाने मला नेमलं.

डिसेंबरात त्याला नवाब आला. तो खिडकीखालच्या खाटेवर जाऊन बसला, पाय वर घेतले आणि म्हणाला, "माठावर मी मलाच नेमतो." यात हसण्यासारखं होतं, पण हसलं कोणी नाही. काझी होता राणीसावरगावचा. त्याने डोळे मिटून विचार केल्याचं सोंग केलं आणि निवाडा दिला, की नेमणूक हेसुद्धा फर्मानच, आणि नव्या नवाबाचं फर्मान एक महिन्यानंतर लागू होतं. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. मी तो लगेच लिहिला. महिन्यानंतर तो नवाब राहिला नाही आणि नव्या नवाबाने ते फर्मान रद्द केलं. जेवण सुरू करताना नवाबाच्या ताटातला एकेक घास सगळ्यांनी उचलायचा, अशी आमची जुनी रीत होती. डिसेंबरात ती रीत आम्ही विसरलो. त्यासाठी फर्मानसुद्धा काढावं लागलं नाही.

एप्रिलात छाननी बसली. बाहेर ऊन असं की चौकातली कुत्री न्हाणीघरात येऊन पडली होती. त्याच संध्याकाळी पुढच्या वर्षाची खोल्यांची यादी रेक्टरला द्यायची होती. ज्यांना एकत्र राहायचं त्यांनी कागदावर सह्या करायच्या. आमच्या कागदावर सहा सह्या झालेल्या होत्या. सातवी जागा मोकळी होती आणि पेन त्याच्यासमोर पडलेलं होतं.

किरकोळ फर्मानं झटपट उरकली. शायरीची सक्ती फक्त रात्रीच्या जेवणाला ठेवावी, हे मंजूर. कोतवालाने ताट वाजवून उठवू नये, हेही मंजूर. मग मी माठाचं फर्मान वाचलं आणि तो म्हणाला, "हे काढून टाका. पयल्यासारखं माठ भिस्त्याकडं असू द्या. ते ठेवलं तर मी सही करत न्हाई."

एवढंच त्याने वर्षभरात मागितलं. काम कमी करा असं नाही मागितलं. उन्हातान्हात घागर वाहायचं काम परत द्या, असं मागितलं.

मग चर्चा झाली. ती चर्चा मला शब्द न् शब्द आठवते, कारण त्यात खरा शब्द एकही नव्हता. एकजण म्हणाला की खेळात तोल पाहिजे, भिस्त्यावर फार काम पडत होतं. दुसरा म्हणाला की या सुधारणेने गंमत वाढली, नवाबाच्या हातात काहीतरी आलं. तिसऱ्याने रोगराईचं काढलं. मी म्हणालो की एकदा लिहिलेलं वारंवार खोडलं तर वहीची किंमत राहत नाही. सगळे इतकं समजुतीने, इतकं हळू बोलत होते की रेक्टर दारात असता तर त्याने आम्हाला शाबासकी दिली असती.

"आरं, तुझंच ओझं हलकं केलंय," राणीसावरगावचा म्हणाला. "तुझाच फायदा हाय त्यात."

"मला फायदा नको," तो म्हणाला. "मला माठ पायजे."

"पन कशासाठी?"

"तुमी सांगा ना, कशासाठी काढला."

त्याने प्रत्येकाच्या तोंडाकडे पाळीपाळीने पाहिलं. आम्ही कुणी पायाचा अंगठा बघत होतो, कुणी छत.

तेव्हा आमच्यातला पोखर्णीचा बोलला. त्याचे आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे, सुट्टीत तोही जायचा. तो भीतभीत म्हणाला, "आमी तोडीला असलो की फडात कोन कोनाच्या हातचं पितंय ते कोन बघतंय? तहान लागली की प्यायचं. मला वाटतं काढावं हे फर्मान."

"तोडीची रीत तोडीला," राणीसावरगावचा हसत म्हणाला. "इथं शिकायला आलायस ना? का कोयता आनलायस संगं?"

सगळे हसले. मीही हसलो. पोखर्णीचा लाल झाला.

पाथरीकडचा उठला. कोपऱ्यात गेला, माठावरचं झाकण काढलं, ओगराळं बुडवलं आणि एक पेला भरला. वर्षात पहिल्यांदा त्याचा हात त्या माठाला लागला. तो पेला त्याने आणून माझ्यासमोर, वहीच्या कडेला ठेवला.

"लिवनाऱ्यानं पिऊन मग लिवावं," तो म्हणाला.

त्याने मलाच का निवडलं? मी त्यातला बरा, असं त्याला वाटत असावं. मी त्याच्याशी कधी वाकडं बोललो नव्हतो. त्याला माझी पुस्तकं दिली होती. त्याच्या ओळी मी वहीच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवायचो. माझ्या घशाला कोरड पडली होती, हे त्याला आणि सगळ्यांना दिसत होतं. हात पुढे करायचा, पेला उचलायचा, प्यायचं. एवढ्याने त्याची सही झाली असती आणि सगळं तिथेच संपलं असतं. बाकीचे काय करणार होते? मारणार होते की काय? फार तर चार दिवस चिडवलं असतं.

मी म्हणालो, "आधी निकाल लागू दे. फर्मान अजून लागू हाय, आत्ता माठाला हात लावायचा तुला अधिकार न्हाई."

हे वाक्य मी फार सफाईने बोललो. राणीसावरगावच्याने मान डोलावली आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग त्याने पेला उचलला, स्वतः पूर्ण प्यायला आणि खाली ठेवला. "लिवा मग," म्हणाला. खाटेखालची ट्रंक ओढली, वळकटी खांद्यावर टाकली आणि व्हरांड्याच्या शेवटच्या खोलीकडे गेला. तिथे त्यांच्यातली चार मुलं राहायची, त्यांच्याकडे एक खाट रिकामी होती. जाताना त्याने दार आपटलं नाही.

निकालाला हात वर झाले. चार हात लगेच, माझा धरून पाच. पोखर्णीच्याचा सगळ्यात शेवटी, कोपरापर्यंतच. तो गेलेला आता खेळात नाही, तेव्हा त्याचं मत धरायचं नाही, असा निवाडा राणीसावरगावच्याने दिला. मी लिहिलं: फर्मान एकमताने कायम. 'एकमताने' खाली रेघ ओढली.

मग सगळ्यांचं लक्ष माठाकडे गेलं. पाणी कुणी मागेना, आणि तहान तर सगळ्यांना लागली होती. माठ अजून माझ्याच नेमणुकीत होता. मी तो उचलून बाहेर नेला, कडुनिंबाच्या बुडाशी उपडा केला, राखेने घासला, विसळला आणि घागर घेऊन हापशावर गेलो.

हापशावर तो होता. एकटाच, तोंड धूत. त्याने मला पाहिलं, घागर पाहिली. कडुनिंबाखालचा ओला डाग तिथून स्पष्ट दिसत होता, तोही त्याने पाहिला. एप्रिलात पाणी खोल जायचं आणि दांडा इतका जड व्हायचा की एकट्याच्याने ओढवत नसे. मी दोनतीनदा लोंबकळलो, पाणी येईना. तो पुढे झाला, माझ्या हातातून दांडा घेतला आणि म्हणाला, "घागर धरा."

मी धरली. तो हापसत राहिला. वीसपंचवीसदा हापसल्यावर धार लागली. घागर भरली, वरून वाहायला लागली, माझे पाय भिजले, तरी तो थांबला नाही आणि मीही बस म्हणालो नाही. शेवटी त्यानेच दांडा सोडला, टॉवेल झटकला आणि निघून गेला.

मी घागर खोलीत आणून माठात ओतली. पेले भरले. सगळे घटाघटा प्यायले. राणीसावरगावच्याने दोनदा मागून घेतलं आणि म्हणाला, "आज पानी लय गार हाय." मीही प्यायलो.

हे पाणी कुणी हापसलं ते मी त्यांना सांगितलं नाही. त्याच्यासाठी गप्प बसलो असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं, आणि त्या वाटण्यावर मी निवांत जगलो. खरं कारण वेगळं होतं. सांगितलं असतं तर माठ पुन्हा ओतावा लागला असता, आणि उन्हात पुन्हा मलाच जावं लागलं असतं.