अध्यक्ष उल्हासरावांचं फर्मान

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळींत उल्हासरावांचा लौकिक दोन गोष्टींसाठी होता. गिअरबॉक्सच्या टेस्टिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि फर्रुखसियर बादशहाचा विषय निघाला की त्यांना आवरणारं कुणी नव्हतं.

"बाळाजी विश्वनाथ फौजेसह दिल्लीत होते तेव्हा तख्तावरून ओढला गेला, तोच हा," ते रंगात येऊन सांगत. "सय्यद बंधूंनी बसवला, त्यांनीच उतरवला. मधल्या काळात पठ्ठ्यानं काय करावं? इंग्रज डॉक्टरनं दुखणं बरं केलं म्हणून खूश झाला, आणि कंपनीला बंगालमध्ये जकात माफ! अरे, आभार मानावेत, की घराची किल्ली द्यावी?"

"झालं, निघाली स्वारी दिल्लीला," त्यांची बायको शोभना स्वयंपाकघरातून म्हणे, आणि पाहुणे हसत.

मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी मागितलं नव्हतं. मंडळ चालवायचे चारुदत्त आणि वासुदेव हे दोघे साडू. एक खजिनदार, दुसरा चिटणीस. "उल्हासराव, तुम्ही वडीलधारे. नुसतं बसायचं हो, बाकी आम्ही बघतो," असं म्हणून दोघांनी त्यांना बसवलं. पुढं उल्हासरावांनी राजीनाम्याची भाषा केली, तेव्हा नियम आडवा आला. जर्मन कायद्यानं नोंदणी झालेली संस्था, 'फेराइन' ती. नवा अध्यक्ष निवडून येईपर्यंत जुन्याला सुटका नाही, आणि निवडणुकीला निम्मे सभासद हजर हवेत. आरतीला सगळे येतात. सभेला कोण येतो?

यंदा गणपती तोंडावर आले आणि नेहमीच्या हॉलची पाइपलाइन फुटली. दुसरीकडे कुठंच जागा मिळेना. शेवटी वासुदेवानं कुठूनसा त्सिगलर नावाचा माणूस गाठला. उत्सवांना मंडप आणि खाण्याच्या गाड्या पुरवणं हा त्याचा धंदा. त्यानं दोन फोन केले आणि बंद पडलेल्या कारखान्याचा मोठा हॉल मिळवून दिला.

उल्हासरावांना भरून आलं. समितीच्या बैठकीत त्यांनी त्याला शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि जर्मनमध्ये छोटंसं भाषणही केलं. "हेर त्सिगलर, हे मंडळ तुमचंच समजा. काय हवं ते मागा, आम्ही नाही म्हणणार नाही."

आपल्याकडे असं बोलायचं असतं, आणि समोरच्यानं "छे छे, कशाला" म्हणायचं असतं. त्सिगलरनं नारळ नीट टेबलावर ठेवला आणि विचारपूर्वक मान हलवली. सोमवारी त्याचं मागणं आलं. यंदा आणि पुढची पाच वर्षं उत्सवात खाण्याच्या गाड्या फक्त त्याच्या. दुसऱ्या कुणी काही विकायचं नाही.

उल्हासरावांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा आल्या त्या कुंदाताई. यजमान गेल्यावर मुलाकडं राहायला आलेल्या. जर्मन येत नाही, मुलगा-सून दिवसभर कामावर, नातू "हो, आजी" एवढंच, तेही जर्मनमध्ये बोलणारा. वर्षातून एकदा मंडळात त्यांचा थालीपिठांचा स्टॉल लागे. त्या दिवशी लोक रांगेत उभे राहून "कुंदाताई, माझं खरपूस हं" म्हणत. त्या एका दिवसासाठी बाई उन्हाळाभर भाजणी भाजत.

"त्यांचा एक स्टॉल वगळा म्हणावं," उल्हासराव चारुदत्तला फोनवर म्हणाले.

"हे बघा, उल्हासराव, तुम्हीच म्हणालात ना, काय हवं ते मागा?" चारुदत्त हसला. "आता शब्द फिरवला तर हॉल जाईल. गणपती काय पार्किंगमध्ये बसवायचा?"

"मग सही तुम्ही करा."

"आमची कशी चालेल? कायद्यानं अध्यक्षांचीच लागते."

शोभना शेजारीच भाजी निवडत होती. "जकात माफ?" तिनं एवढंच विचारलं. उल्हासराव उठले. संध्याकाळपर्यंत घरात फिरले, मग बसून सही केली.

शनिवारी ते कुंदाताईंकडं निघाले. काय बोलायचं ते ट्राममध्ये ठरवून ठेवलं होतं: हे सगळं त्या दोघा साडूंचं, माझा नाइलाज झाला. कुंदाताईंनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. भाजणीचे डबे ओट्यावर ओळीनं उभे होते.

"ताई, यंदाच्या स्टॉलचं जरा..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वासुदेव येऊन गेला काल. फार वाईट वाटत होतं बिचाऱ्याला. म्हणाला, आम्ही खूप सांगून पाहिलं हो, पण अध्यक्षांनीच शब्द देऊन टाकला. उल्हासरावांपुढं आमचं काय चालतं!"

उल्हासरावांनी तोंड उघडलं. शब्द त्यांनीच दिला होता. सहीही त्यांचीच होती. यातलं काहीच खोटं नव्हतं.

"बसा," कुंदाताई तव्याकडं वळत म्हणाल्या. "एवढी भाजणी मी एकटी कुठं संपवू? खाऊन जा."

ते बसले. गरम थालीपीठ ताटात पडलं, आणि त्यांना उठताही येईना.