तांबट आळीत दोन मिनिटांचा सिनेमा

पुण्याला मी गेले होते ते आम्रपालीची खोली बघायला. मुलगी दोन वर्षं झाली तिथे सिनेमाचं शिकते आहे आणि तिची आई एकदाही फिरकली नाही, हे माझं मलाच बरं वाटत नव्हतं. पोस्टातून रजा मिळाली, ह्यांनी भंडारा रोडला गाडीत बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाच किलो चिन्नोर तांदूळ नि शेवेचा डबा घेऊन पुणे स्टेशनावर उतरले.

आमू धावत आली, गळ्यात पडली, आणि माझी पिशवी खाली टेकायच्या आत म्हणाली, "आई, तुला चालता येतं ना?"

"आता गाडीतून उतरले ती काय उडत उतरले?"

"तसं नाही गं. कॅमेऱ्यासमोर चालता येईल का?"

खडकीला जाताना रिक्षात तिने सगळं सांगितलं. तिच्या वर्गातल्या प्रत्येकाला एका थ्रिलरचं (छातीत धडधड वाढवणाऱ्या रहस्यपटाचं) ओपनिंग, म्हणजे सिनेमाची अगदी पहिली दोन मिनिटं, करून शुक्रवारी द्यायची होती. त्यातली तीनच निवडली जाणार आणि त्या तिघांनाच वर्षाअखेरीस पूर्ण सिनेमा करायला मिळणार. आमूची तयारी झाली होती. पण नाटकात काम करणाऱ्या ज्या बाई तिने ठरवल्या होत्या त्या तापाने आडव्या झाल्या. शूटिंग उद्याच.

"पन्नाशीच्या पुढची बाई हवी होती," आमू म्हणाली. "तेवढं तर तुला जमेल."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला सवडच कुठे होती! खोलीवर पोचल्या पोचल्या मात्र मी गोंदियाला बहिणीला फोन केला आणि आपण सिनेमात काम करतोय हे सांगून टाकलं. ते मागून थोडं अंगाशी आलं.

मंगळवारी सकाळी खडकीहून मेट्रोने निघालो. ती अर्ध्या वाटेवर जमिनीखाली शिरते आणि कसबा पेठेत जिना चढून वर आलं की एकदम जुनं पुणं समोर उभं राहतं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली तर कुणीतरी दुकानाच्या पायरीवर चढायचं, असा न बोलता ठरलेला करार. पुढे तांबट आळी. ठोक्यांचा आवाज आधी येतो, दुकानं मागून दिसतात. आपल्या भंडाऱ्यात पितळेचं काम चालतं, त्यामुळे तो आवाज मला परका नव्हता. इथे मात्र तांबं, आणि त्यावर मठारकाम (हातोडीने एकसारखे ठोके मारून पत्र्यावर खुणा उमटवणं). उन्हात ठेवलेल्या हंड्यावर त्या खुणा नुसत्या चमचम करत होत्या.

आमूबरोबर दोघं होते. कॅमेऱ्याला ईशान, हा लातूरचा, कमी बोलणारा; आणि आवाज मुद्रित करायला ऋचा, ही इथलीच, कानांवर कायम हेडफोन. शूटिंग वसंतकाकांच्या दुकानात होतं. काका सत्तरीचे तांबट. त्यांनी स्वतःचीच भूमिका करायची होती.

गोष्ट सोपी होती. एका बाईने पोचे काढायला घागर टाकलेली असते. ती पावती घेऊन घागर न्यायला येते. दुकानदार तिच्याकडे बघून म्हणतो, "अहो, मघाशीच नेलीत की तुम्ही." बाईने तर नेलेली नसते. झालं, एवढंच.

वसंतकाकांनी कागद वाचला, घडी घातली आणि आमूला परत दिला.

"हे मी म्हणणार नाही."

"का हो काका?"

"म्हणजे हिची घागर मी भलत्याच बाईला देऊन बसलो, असंच ना? आमच्याकडे गिऱ्हाइकाचं भांडं आजवर दुसऱ्याच्या हातात गेलेलं नाही."

"पण काका, ही नुसती गोष्ट आहे."

"गोष्ट तुमची, दुकान माझं."

"आम्ही पाटी दाखवणार नाही," ईशान म्हणाला.

"आळी दाखवणार ना? मग पुण्यात तांबट आळ्या किती आहेत ते एकदा मोजून या."

एवढं बोलून ते परत कामाला लागले. आमूचा चेहरा उतरला. दुसरं दुकान शोधायला वेळ नव्हता, आणि शोधलं असतं तरी तिथला तांबट वेगळं काय म्हणणार होता? ती बाजूला जाऊन ईशानशी हळू आवाजात बोलायला लागली. मी पायरीवर बसून काकांचा हात बघत होते. मला त्यांचा राग येईना. मी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले आहे. रजिस्टरचं पत्र चुकीच्या माणसाला दिलं असं कुणी गमतीत म्हटलं तरी माझ्या अंगाची आग होते.

"भाऊ," मी म्हटलं, "तुम्ही भांडं देताना सही घेता का?"

"घेतो. वहीत."

"मग समजा, वहीत माझीच सही असली तर?"

हातोडी थांबली.

"म्हणजे मी विचारते, माझी घागर कुठे? तुम्ही म्हणता, नेलीत की. मी म्हणते, मी नाही नेली. तुम्ही एक शब्द बोलत नाही. फक्त वही उघडून माझ्यापुढे करता. सही माझीच. आता बोला, तुमची चूक काय?"

काका विचारात पडले. "सही असेल तर माझा काय दोष?"

"काहीच नाही."

"मग दोष कुणाचा?"

"ते तर सिनेमात कळायचं ना!"

आमू केव्हा मागे येऊन उभी राहिली होती ते मला कळलंच नाही. तिने माझा दंड इतक्या जोरात धरला की संध्याकाळपर्यंत तिथे दुखत होतं.

काकांनी त्यांची खरी वही द्यायला साफ नकार दिला, तेही बरोबरच होतं. ऋचा अप्पा बळवंत चौकात जाऊन लांब वही घेऊन आली. ती कोरी करकरीत. मी चार वेगवेगळी पेनं मागून घेतली, तिथेच पायरीवर मांडी घातली आणि तीन पानं भरली: नावं, तारखा, भांडी, सह्या. काही सह्या घाईच्या, काही थरथरत्या, एक अंगठा. काका वरून बघत होते.

"एका पानावर तीन बंब? हल्ली बंब कोण दुरुस्त करतं? दोन खोडा. तिथे तपेलं लिहा."

मी तपेलं लिहिलं. कोपरे जरा चुरगाळले, थोडी राख चोळली. मग मधल्या एका ओळीवर माझी स्वतःची सही केली.

आता अडचण आवाजाची. काकांचं वाक्य ऋचाच्या कानात पोचायला हवं तर आळीतल्या हातोड्या थांबायला हव्यात. काका दारात गेले आणि ओरडले, "दोन मिनिटं हात थांबवा रे!"

एकेक दुकान गप्प होत गेलं. शेवटचा ठोका लांब कुठेतरी पडला आणि आळी इतकी शांत झाली की मला वायरवरच्या चिमण्या ऐकू आल्या. समोरच्या दुकानातून एक वयस्कर गृहस्थ बाहेर डोकावले.

"काय हो वसंतराव, कोण गेलं?"

"कुणी नाही. सिनेमा आहे."

"मग आधी सांगायचं ना. मी धोतर बदलायला निघालो होतो."

ऋचाला हसू आवरेना, ते सगळं मुद्रित झालं, आणि हातोड्या परत सुरू होऊन परत थांबवाव्या लागल्या.

काकांनी त्यांचं काम पहिल्या फटक्यात केलं. "मघाशीच नेलीत की तुम्ही," म्हणाले, माझ्याकडे न बघता वही उघडली, ओळीवर बोट ठेवलं. माझे मात्र नऊ टेक (तेच दृश्य दर वेळी नव्याने टिपणं) झाले. एकदा मी कॅमेऱ्याकडे बघितलं. एकदा चप्पल पायरीवरच राहिली. आणि सही बघून चकित व्हायचं तर दर वेळी माझे डोळे आणि तोंड दोन्ही उघडायची.

"बाई, इतक्या दचकू नका," शेवटी काका म्हणाले. "मलाच वहीत काय आहे ते बघावंसं वाटतंय."

दुपारी अमृततुल्यात (पुण्यात चहाच्या दुकानाला असं म्हणतात) चहा आणि गरम पॅटीस खाल्लं. संध्याकाळी खडकी बाजारात मी भाजीवाल्याकडे सांबार मागितला. त्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "तो समोर हॉटेलात मिळेल, इडलीबरोबर." मी जुडीकडे बोट दाखवल्यावर म्हणाला, "याला आम्ही कोथिंबीर म्हणतो. तुम्ही काहीही म्हणा, भाव तोच आहे."

बुधवार-गुरुवार संकलन. आमूच्या खोलीत एक खाट, एक टेबल, त्यावर लॅपटॉप. ईशान आणि ती शेजारी शेजारी बसून माझं चालणं, काकांचं बोट, वही, दार असे तुकडे मागेपुढे सरकवत होते. मी मागे तांदूळ निवडत बसले होते. पहिल्यांदा सगळं जोडलं तर साडेतीन मिनिटं झाली. मग कापाकापी. दर वेळी माझा चेहरा आला की दोघं गप्प व्हायचे. मला वाटलं, मन लावून बघताहेत.

गुरुवारी दुपारी आमू खालून चहा आणायला गेली. पडद्यावर दोन फायली दिसत होत्या. एकीचं नाव "ओपनिंग आई". दुसरीचं "ओपनिंग हात".

"हे दुसरं काय आहे रे?" मी ईशानला विचारलं.

"काही नाही काकू, असंच ट्राय केलं होतं."

"मग लाव की."

त्याने दाराकडे बघितलं आणि लावलं. त्यात मी होते, पण चेहरा कुठेच नव्हता. आळीतून चालणारी पाठमोरी बाई. पायरीवरच्या चपला. पावती पुढे करणारा हात. सगळीकडून ठोके ऐकू येताहेत. काका म्हणतात, "मघाशीच नेलीत की तुम्ही." वही उघडते. काकांचं बोट ओळीवर थांबतं. बाईचा हात हळूच पुढे येतो, सहीवरून फिरतो, आणि त्याच क्षणी सगळे ठोके बंद. नुसती ती शांतता. मग काळोख.

सही माझी होती, मीच केलेली, मांडी घालून पायरीवर. तरी माझ्या अंगावर काटा आला. ही बाई कोण? आधी येऊन गेलेली की आत्ता आलेली? चेहरा नाही म्हटल्यावर कसं ओळखणार?

"आता पहिली लाव," मी म्हटलं. तीही बघितली. साखरेच्या डब्यात पाल दिसावी तसं माझं तोंड. भीती वगैरे सगळी पळाली.

आमू चहाचे ग्लास घेऊन दारात उभी होती.

"कधी सांगणार होतीस?" मी विचारलं.

"सांगणारच नव्हते. पहिलीच देणार होते उद्या."

"का?"

"दोन वर्षांनी आलीस तू. आल्या आल्या कामाला जुंपलं तुला. सही पण तूच सुचवलीस. आणि आता तुझा चेहराच काढून टाकू? मावशीला सांगितलंयस तू."

खोटं कशाला सांगू, टोचलं थोडं. हात काय, कुणाचेही असतात. पण त्या तिघांत येण्याचं स्वप्न किती महिने डोक्यात घेऊन ही पोरगी फिरत होती तेही मला दिसत होतं, आणि माझ्यासाठी ती ते सोडायला निघाली होती.

"आमू," मी म्हटलं, "दुसरी बघताना मला भीती वाटली. पहिली बघताना माझीच कीव आली. तुझ्या सरांना काय दाखवणार आहेस, कीव?"

ईशान खाली बघून हसला. आमूने ग्लास टेबलावर ठेवले आणि माझ्याशेजारी बसून खांद्यावर डोकं टेकवलं. चहा गार झाला. मग डोळे पुसून म्हणाली, "पहिली मी पुसत नाही हं. घरी दाखवायला ठेवते."

"बाबांना तेवढी पाठवू नकोस. जन्मभर चिडवतील."

शुक्रवारी मी तिच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून राहिले. वर्गात बाहेरच्यांना परवानगी नव्हती. दोन तासांनी ती जिन्यावरून उतरली ती सावकाश, एकेक पायरी, आणि मी मनात म्हटलं, गेलं. समोर आल्यावर म्हणाली, "तिघांत आहे." मग सावकाश का आलीस म्हटलं तर म्हणे, तुला कसं सांगायचं ते ठरवत होते. सरांनी एवढंच म्हटलं होतं की शेवटी खुलासा केला नाहीस, बरं केलंस. वाटेत वसंतकाकांना फोन केला. ते म्हणाले, "छान. आता ती वही येऊन घेऊन जा. गिऱ्हाइकं त्यात सह्या करायला लागलीत."

त्याच संध्याकाळी माझी गाडी होती. रात्र झोपेत गेली. सकाळी बडनेऱ्याला एक शिक्षिका चढल्या, माझ्यासमोर बसल्या आणि रीतीप्रमाणे विचारपूस सुरू झाली. पुण्याला कशासाठी गेला होता? मी म्हटलं, सिनेमात काम होतं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी मोबाइल काढून त्यांना ती दोन मिनिटं दाखवली आणि संपल्यावर सांगितलं, "हे हात माझे."

"हो का?" त्या म्हणाल्या. हातांकडे त्यांनी बघितलंही नाही. "पण बाई, मग ती घागर नेली कुणी?"

"माहीत नाही जी. मुलगी अजून लिहिते आहे."

"असं कसं? फोन करून विचारा ना."

मी आमूला फोन लावला. ती हसत सुटली आणि म्हणाली, आई, अजून मलाच ठरवायचंय. हे सांगितल्यावर बाई चक्क नाराज झाल्या. त्यांनी ते परत पहिल्यापासून लावायला सांगितलं, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, वहीपाशी थांबवला. पहिली बाई खरी की दुसरी, यावर आमचा वाद झाला. धामणगाव केव्हा गेलं ते दोघींनाही कळलं नाही.

मुलं दूर शिकायला जातात. ती काय शिकतात हे आपल्याला त्यांच्या फोनवरच्या आवाजावरून ओळखावं लागतं. आमूला काय येतं ते मी त्या सकाळी एका अनोळखी बाईच्या तोंडावर बघितलं.

वर्ध्याला त्या उतरल्या. फलाटावरून खिडकीशी आल्या, पर्समधून कागद काढला आणि माझा नंबर लिहून घेतला. "कळलं की मला सांगा हं," म्हणाल्या. गाडी हलली. माझं नाव विचारायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. नंबर घेतला होता तो त्या घागरीसाठी. इतकं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.