टिळ्याखालचं लोखंड

ऐन दसऱ्याच्या सकाळी, पूजा मांडलेली असताना, मी आमच्या बंदुकीचा टिळा खरवडून काढला. पोरीनं शस्त्र बाटवलं, असं भावकीत अजूनही बोलतात. बोलू द्या. उद्या तशीच वेळ आली तर पुन्हा खरवडीन.

आमची बंदूक म्हणजे एक आखूड, जुनी कार्बाइन. दिसायला रायफल, पण खाते पिस्तुलाची गोळी. मागे बोल्ट आहे. तो हातानं मागे ओढायचा, गोळी ठेवायची, पुढे ढकलून खाली दाबायचा. आजोबांनी ती कुठल्याशा शिकाऱ्याकडून घेतली होती. धान निसवला, लोंब्या आल्या की डुकरं शेतात शिरतात, म्हणून राखणीचा परवाना. तो आता बाबूजींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर आहे, आणि सोबत वापरणारी म्हणून माझं नाव. हे दुसरं नाव माझ्या काकांच्या, बाबूजींच्या धाकट्या भावाच्या, घशाखाली कधी उतरलं नाही.

दसऱ्याला अंगणात विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ आणि कार्बाइन असं सगळं पाटावर मांडतात. कार्बाइनला तूप-शेंदराचा टिळा लागतो, नळीवर, बोल्टच्या जरा पुढे. आमच्या घरचा नियम असा की जुना टिळा पुसायचा नाही, नवा त्याच्यावरच लावायचा. आजोबांचा टिळा म्हणे बोटाएवढाच असे. बाबूजींच्या हाताला माप नाही. त्यांनी इतक्या वर्षांत तिथं असा थर चढवला होता की खाली लोखंड आहे हे नव्या माणसाला सांगावं लागलं असतं. संध्याकाळी सोनं वाटून झालं की शेतात जाऊन तलावाच्या पाळीत, म्हणजे काठच्या मातीच्या बांधात, एक बार टाकायचा, आणि तिथून राखण सुरू.

हा बार आजोबांच्या वेळच्या काडतुसांनी व्हायचा. पुरवून पुरवून वापरली तरी ती संपत आली, आणि शेवटचं ऐन दसऱ्याला फुसकं निघालं. बाबूजी त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या वर्षी ते आणि काका नागपूरला जाऊन नवी काडतुसं घेऊन आले. परवान्यावर ‘तीस बोर’ लिहिलेलं, दुकानदारानं तीस बोरची गोळी दिली. त्याचं काही चुकलं नाही.

घरी येताच काकांनी ओसरीवरच एक गोळी नळीत सरकवली, बोल्ट दाबला, उघडला आणि गोळी काढून सगळ्यांना दाखवली. कशी मापात बसली बघा, असं त्यांचं चाललं होतं. बाबूजींच्या चेहऱ्यावर वर्षभरानं हसू आलं. भरलेली बंदूक अशी ओसरीवर नाचवतात का, म्हणून मी तिथंच तोंड वाजवलं, तर सणासुदीला पोरीची कटकट म्हणून दोघंही हसले.

मी गोंदियात उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या मिलमध्ये काम करते. बॉयलरचा दाब तासातासाला बघून लिहायचा, हे माझं काम. झाकण घट्ट बसलं म्हणजे भांडं दाब सोसेलच असं नाही, एवढं मला त्या नोकरीनं शिकवलं आहे. म्हणून मी लहानपणी जमवलेल्या जुन्या पुंगळ्या काढल्या. आजोबांच्या बारांची ती रिकामी पितळी टरफलं, माझ्या देव्हाऱ्यात त्यांत अगरबत्ती लावते. नव्या गोळीशेजारी एक उभी केली. लांबी तीच, गळ्याशी निमुळतेपणाही तोच. पण बुडावरची अक्षरं आणि आकडे वेगळे.

सौंदडला एक गृहस्थ राहतात. पोलिसात हत्यारं दुरुस्त करण्यातच त्यांची नोकरी गेली. त्यांना मी फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. त्यांनी मला समजेल असं सांगितलं की जुन्या जर्मन पिस्तुलाची गोळी आणि नंतरच्या रशियन पिस्तुलाची गोळी जवळपास एकाच मापाच्या आहेत. एक दुसरीच्या जागी आरामात बसते. पण नंतरच्या गोळीचा दाब बराच जास्त. दोन्हींचे आकडेही सांगितले: माझ्या पुंगळ्या जर्मन, नवी गोळी रशियन. जुनी बंदूक त्या दाबासाठी केलेलीच नसते. दहा बार सोसेल आणि अकराव्याला बोल्ट मागे येईल, किंवा पहिल्यालाच येईल. नळीवर काय कोरलं आहे ते आधी वाच, म्हणाले, आणि वाचल्यावरही कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय काही घालू नकोस.

“बसते म्हणून उडवायची नसते, बाई,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

बोल्ट मागे येईल म्हणजे कुठं येईल, हे मला कोणी सांगायला नको होतं. बाबूजींचा डावा डोळा काचबिंदूनं गेलेला आहे. पेपर वाचतात तो उजव्यानं, आणि नेम धरतात तोही उजव्यानंच. नेम धरताना तो डोळा बोल्टच्या सरळ मागे, वीतभर अंतरावर असतो.

नळीवरचं कोरलेलं सगळं टिळ्याखाली गेलं होतं. मी बाबूजींना सगळं सांगितलं आणि टिळा काढू का, असं विचारलं. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

“माह्या बापाचा टिळा होय तो. हात नाई लावाचा.”

काका तर टपूनच होते. “गोळी बसून राहिली ना नळीत? मंग कायले किरकिर करून राहिली?” वर आणखी, बॉयलरवर बसून तांदूळ उकडणारीनं बंदूक शिकवू नये, असंही ऐकवलं. माझ्या पायाची आग मस्तकात गेली. पण मी गप्प बसले, कारण तोवर माझं ठरलं होतं.

दसऱ्याला उजाडायच्या आधी मी कार्बाइनचा बोल्ट काढला, फडक्यात गुंडाळला आणि धान साठवायच्या ढोलीत खोल खुपसला.

पूजेला भावकी जमली. बाबूजींनी कार्बाइन उचलली आणि मागची जागा रिकामी बघून तशीच धरून उभे राहिले. सगळ्यांच्या आधी काकांची नजर माझ्यावर आली.

“बोल्ट मी काढला,” मी म्हणाले. “आधी नळीवरचं वाचायचं, मग बार. मला घराबाहेर काढा पाहिजे तर, पण तोवर बोल्ट मिळणार नाही.”

मग जे ऐकावं लागलं ते सगळं लिहीत नाही. सणाचा सत्यानास केला, बापाचं नाक कापलं, पोरींना डोक्यावर बसवलं की असंच होतं. काकांनी ठाण्यात जायची धमकी दिली. मी म्हटलं, चला, मीही येते, परवान्यावर माझंही नाव आहे. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण बाबूजींचा तो एक डोळा समोर दिसत होता आणि मला मागे हटता येत नव्हतं.

बाबूजींनी कार्बाइन पाटावर ठेवली आणि पाठ फिरवून बसले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी गरम पाणी आणि नारळाची शेंडी घेऊन बसले. थर सुटता सुटेना. शेवटी लाकडी उलथण्याच्या कडेनं खपल्या निघायला लागल्या. आधी कारखान्याचा शिक्का दिसला. त्यात सौंदडच्या गृहस्थांनी सांगितलेला, जुन्या जर्मन गोळीचाच आकडा होता. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यावर थांबले असते, पण खाली आणखी काही खरचटलेलं लागत होतं. पुसलं, तर खिळ्यानं ओढलेली वाकडीतिकडी मराठी अक्षरं.

“बाबूजी, इथं आजोबांनी लिहिलंय,” मी म्हणाले.

ते उठून आले. उजवा डोळा नळीला टेकेल इतके वाकले आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं: जर्मनच घालावी. दुसरीनं बोल्ट उडतो.

बाबूजींनी तेच दोनदा वाचलं. मग खाली बसले आणि आपल्या शेंदूर लागलेल्या बोटाकडे बघत राहिले. आजोबांचं लिहिलेलं वर्षानुवर्षं याच बोटानं झाकलं होतं.

त्या संध्याकाळी बार झाला नाही. डुकरं आम्ही पत्र्याचे डबे वाजवून हाकलली. नवी काडतुसं रीतसर परत गेली. कारागिरानं कार्बाइन खोलून पाहिली आणि सौंदडचंच बोलणं पुन्हा सांगितलं. जर्मन गोळी काही मिळाली नाही, त्यामुळे ती मुकीच आहे. काका माझ्याशी कामापुरतं बोलतात. माझं काही अडत नाही.

यंदाच्या दसऱ्याला कार्बाइन पाटावर आली. बाबूजींनी वाटीत शेंदूर कालवला आणि मी भांडायच्या तयारीनंच शेजारी बसले. त्यांचं बोट नळीवरून पुढे गेलं, थांबलं नाही, आणि टिळा लागला मागच्या लाकडी दस्त्यावर. काकांनी विचारलं, लाकडावर काऊन?

“लोखंडावर नको,” बाबूजी म्हणाले. “वाचाले आलं पाहिजे.”